बाईंची पावती

हसा लेकांनो, पण खात्यात पैसं दिसल्याबिगर मी दुकानातनं तंबोरा हलवत न्हाई.

परवा मिरजेच्या दुकानात फोन आला. आवाज आमच्या जुन्या गिऱ्हाईक, गाणाऱ्या बाईंचा. "पैसे भरलेत, ईमेलवर पावती बघ. तंबोरा न्यायला गाडी पाठवलीय."

पावती खरंच आल्याली. फोन स्पीकरवर ठिवून मी तंबोरा बांधाय घेतला.

बाहेरनं आल्याले माझे मामा आवाज ऐकून दारातच थांबले. "आधी बँकेत बघ."

खात्यात काय न्हाई.

मामांनी फोन घेतला. "बाई, कुठल्या पट्टीत जुळवू?"

"नेहमीच्याच. काळी चार."

मामांनी फोन बंद केला.

"पट्टी चुकली व्हय?"

"न्हाई रं. पट्टी त्यांचीच, आवाजबी त्यांचाच. पण गेल्या महिन्यात बाई वारल्या, त्यांच्या मातीला मी गेलतो."