फायलीतली ओळ

टँकरचा विषय निघालाच आहे, तर माझं ऐका. त्या दुष्काळात उदगीरकडच्या एका कचेरीत मी कॉम्प्युटर दुरुस्तीला गेलो होतो. टँकर मागायचा नवा प्रोग्राम काही केल्या मशीनवर चढत नव्हता. 'तुमची सिस्टीम जुनी आहे,' एवढंच म्हणायचा. पाचला यादी बंद होणार होती, अन् एका गावच्या सरपंच मावशी सकाळपासून माझ्या खुर्चीमागं येरझाऱ्या घालून राहिल्या होत्या.

"झालं का, बाबा?"

"होतंय, मावशी!" माझं डोकं फिरलं होतं. सिस्टीम आपलं नाव अन् आवृत्ती एका छोट्या फायलीत लिहून ठेवते. शेवटी मी ती फाईल उघडली अन् सहाच्या जागी सात टाकलं. प्रोग्राम गपगुमान चढला.

"काय केलंस?"

"जिल्हा अजून झाला न्हाई, तरी लोक आत्ताच पाट्यांवर 'जिल्हा उदगीर' लिहून राहिलेत ना, तसंच. मशीन जुनंच हाय, पाटी बदलली."

"आन् त्यानं तपासलं न्हाई?"

"न्हाई. प्रोग्राम फायलीत लिहिलंय तेच खरं धरतो."

मावशी लई हसल्या. मी त्यांच्या गावाचं नाव टाकलं. पडद्यावर आलं, 'गावात पुरेसं पाणी आहे. टँकरची गरज नाही.'

मावशींनी ते दोनदा वाचलं. मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे बी कुनीतरी खुर्चीत बसूनच लिव्हलंय. आता तू उठू नको. बदल."