ग्राफिक्स कार्ड कोणाच्या ताब्यात द्यावे याबाबत

मी, खाली सही करणारी, वय ५६ वर्षे, व्यवसाय चष्म्याच्या दुकानात नजर तपासणे, राहणार पाण्याच्या टाकीमागची इमारत, चौथा मजला, जिन्यालगतचे घर, आज रोजी पोलीस ठाण्यात कोणी न बोलावता समक्ष हजर राहून जबाब देते की,

मी वरील पत्त्यावर पती व मुलीसह राहते. पती लिफ्ट दुरुस्तीचे काम करतात. आमच्या इमारतीची लिफ्टही तेच बघतात व गच्चीवरच्या मशीनरूमची किल्ली त्यांच्याकडे असते. मोठा मुलगा नोकरीनिमित्त परगावी असतो. जाताना तो आपला कॉम्प्युटर, गादी आणि टेबलफॅनसुद्धा घेऊन गेला. आता तो पाहुण्यासारखा येतो, येण्याआधी फोन करतो आणि चहा झाला की घड्याळ बघतो. मुलगा चांगला आहे, त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. मुलगी धाकटी, वय २५ वर्षे. तिला दुसऱ्या शहरात औषधांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून नोकरी लागली असून ती उद्या सकाळी टेम्पोने सामानासह जाणार आहे.

आज सकाळी माझ्या मुलीने या ठाण्यात तक्रार दिली की, तिच्या नवीन गेमिंग कॉम्प्युटरमधले ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेममधली चित्रे पडद्यावर काढणारा भाग, बंद घरातून चोरीस गेले. सोबत माझे पती होते. त्यांनी संशयिताचे वर्णन सांगितले. त्या वर्णनावरून पतींनाच चौकशीकामी शेजारच्या खोलीत बसवून ठेवले आहे. माझे पती विचारल्याशिवाय बोलत नाहीत आणि विचारल्यावर तर मुळीच बोलत नाहीत, हे तीस वर्षे संसार केल्याने मला ठाऊक आहे. म्हणून मी दुकानातून रजा टाकून आले.

सदर कॉम्प्युटर तयार घेतलेला नाही. त्याचा एकेक भाग निवडून घरी जोडलेला आहे. निवडायला मुलगी, पती आणि मी असे तिघे जात होतो. मी फक्त पिशवी धरायला जायचे, पण मॉनिटरच्या वेळी मी मध्ये पडले. दोन मॉनिटर शेजारी लावायला सांगितले, मुलीला एक डोळा झाकायला लावला आणि विचारले, "हा स्पष्ट दिसतो की तो?" मग दुसरा डोळा. दुकानदार म्हणाला, "ताई, नंबर काढताय का?" मी म्हटले, "हो, दिवसाचे इतके तास ही याच्याकडे बघणार आहे, लग्नाला मुलगा बघितला असता तर इतका वेळ बघितला नसता." जो मॉनिटर घेतला तो चांगला आहे.

बाकी सर्व भागांवरून बापलेकीची रोज जुंपायची. मुलीने वीज पुरवणारा डबा, त्याला पॉवर सप्लाय म्हणतात, तो हिशेबाने बेताचा निवडला होता. पतींनी दुप्पट ताकदीचा घ्यायला लावला. त्यांचे म्हणणे, लिफ्टवर पाच माणसे लिहिलेली असली तरी ती पन्नास माणसांनी भरली तरी तुटायला नको, अशी बांधायची असते. दुकानदार म्हणाला, "काका, एवढ्यावर तुमचं अख्खं घर चालेल." पती म्हणाले, "चालू दे."

प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, त्याचे दोन प्रकार होते. एक स्वतःहून पडद्यावर चित्र दाखवू शकायचा, दुसऱ्याला ते जमत नव्हते. मुलीला दुसरा हवा होता, कारण त्यात वाचतील ते पैसे ग्राफिक्स कार्डाला लावता येणार होते. तसे कार्ड घातले की चित्र कार्डच दाखवते, असे तिने समजावून सांगितले. पती म्हणाले, "बबडे, लिफ्ट एका दोरावर टांगत नाहीत. कार्ड बिघडलं तर?" मुलगी म्हणाली, "बाबा, यातून कोणी खाली पडणार नाहीये." त्यावर दुकानदारही हसला. पतींनी तेवढी एक माघार घेतली.

कॅबिनेट, म्हणजे हे सगळे भाग ज्यात बसवतात ती पेटी, तिच्यावर मात्र ते हटून बसले. मुलीने लहान, हातात उचलून नेता येईल असे कॅबिनेट पसंत केले होते. पतींनी दुकानातले सर्वांत मोठे पोलादी कॅबिनेट दाखवले. हवा खेळेल, धूळ कमी बसेल, पुढेमागे भाग वाढवता येतील, अशी कारणे त्यांनी दिली. माझ्या माहितीप्रमाणे त्यांनी कोणत्याही गोष्टीची इतकी कारणे आयुष्यात दिलेली नाहीत, लग्नाच्या वेळीही नाही. मुलगी म्हणाली, "हे कॅबिनेट नाही, कपाट आहे." शेवटी ती बापाच्या तोंडाकडे बघून विरघळली. "घ्या बाई. तुमच्यासारखंच आहे, जड आणि गप्प." ते वर आणताना लिफ्टमध्ये आम्ही तिघे व ते मावेनात, म्हणून मी जिन्याने आले.

जोडणी जेवणाच्या टेबलावर झाली. पती दर वेळी नळाला हात लावून मग भागाला हात लावत, अंगातली वीज भागाला लागू नये म्हणून. मुलगी सांगायची आणि ते स्क्रू पिळायचे. सगळे जोडून बटण दाबले तर पंखे फिरले, दिवे लागले, पण पडदा काळाच. पतींचा चेहरा बघवत नव्हता. मुलीने मागे वाकून बघितले तर पतींनी मॉनिटरची वायर कार्डात न लावता मदरबोर्डाच्या खाचेत लावली होती. ती म्हणाली, "बाबा, या प्रोसेसरला कार्डाशिवाय काहीच दाखवता येत नाही, विसरलात?" पतींनी वायर बदलली आणि चित्र आले. ही गोष्ट पतींनी मनात ठेवली होती असे आज माझ्या लक्षात आले.

आज सकाळी मी दुकानात गेले. मुलगी मैत्रिणीला भेटायला गेली होती. पती घरी होते, मध्ये कुलूप लावून गच्चीवर जाऊन आले. दहाच्या सुमारास मुलगी परत आली, तिने कॉम्प्युटर लावला, पडदा काळा. वायर बघितली, ती लोंबत होती. कॅबिनेटला एका बाजूने काच आहे, त्यातून आत कार्डाची जागा रिकामी दिसली. तिने मला फोन केला. मी म्हटले, बाबांना विचार. ती म्हणाली, बाबा म्हणतात चोरी झाली असेल. मग ती म्हणाली, चला पोलिसांत. पतींची अपेक्षा ती रडेल, फार तर आदळआपट करेल अशी असावी. पण ती माझी मुलगी आहे. पतींना शर्ट घालून तिच्या मागे यावे लागले.

येथील हवालदारांनी मला सांगितले ते असे की, जिन्यात कोणी संशयित दिसला का असे विचारल्यावर पतींनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "एक माणूस होता. मध्यम उंची. पुढून टक्कल, मिशी पांढरी. निळा शर्ट, खिशाला टेस्टर." हवालदार लिहीत होते. लिहून झाल्यावर त्यांनी मान वर केली व म्हणाले, "काका, टेस्टर तर तुमच्या खिशालाही आहे." पती म्हणाले, "असतो माणसाच्या खिशाला." त्यांनी असे का सांगितले हे मी सांगू शकते. दुसऱ्या कोणाचे वर्णन केले तर तसा दिसणारा एखादा गरीब बिचारा पकडला जाईल, ही त्यांना भीती. खोटे बोलायला बसले तरी त्यांना दुसऱ्याचे तोंड वापरता येत नाही.

मुलीचा ठाण्यातून पुन्हा फोन आला की बाबांनाच बसवून ठेवले आहे, तेव्हा मी आधी घरी गेले. दाराचे कुलूप शाबूत होते. कॅबिनेटमध्ये मी वाकून बघितले. कार्ड काढल्यावर मागे जी फट उरते, तिच्यावर तिचे पत्र्याचे झाकण बसवलेले होते व त्याचा स्क्रूही घट्ट पिळलेला होता. आत धूळ जाऊ नये म्हणून झाकण बसवून जाणारा चोर मी कधी ऐकलेला नाही. मी मशीनरूमची दुसरी किल्ली घेतली व गच्चीवर गेले. पतींच्या हत्यारांच्या पेटीत वरच्या कप्प्यात कार्ड मिळून आले. ते त्याच्या मूळ पिशवीत घालून, वर माझ्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळलेले होते. स्वेटर माझाच आहे, ओळखला.

मी कार्ड आणून येथे अंमलदारांच्या टेबलावर ठेवले. पतींना व मुलीला समोर बोलावण्यात आले. पती माझ्याशी पहिले वाक्य बोलले ते, "मशीनरूममध्ये शिरण्याआधी दिवा लावलास ना? तिथं पायात वायरी येतात."

मुलगी कार्डाकडे, स्वेटरकडे व बापाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही?"

पती म्हणाले, "याच्याशिवाय काही दिसत नाही. वाटलं, सापडेपर्यंत थांबशील."

"आणि सापडलंच नसतं तर?"

"मीच शोधून दिलं असतं. चार-आठ दिवसांनी."

"राहा म्हणायचं ना मग सरळ."

"म्हटलं असतं तर राहिली असतीस?"

"नाही."

"मग?"

अंमलदारांनी मध्येच विचारले की कॅबिनेट एवढे अवजड का घेतले, पंचनाम्याला घरी जाऊन ते हलवून बघणाऱ्या शिपायाची कंबर धरली आहे. पती खाली बघत म्हणाले, "जड वस्तू कोणी हलवत नाही. वाटलं होतं, ते घरीच ठेवून जाईल. कॉम्प्युटर घरी म्हणजे सुट्टीला घरी. हिनं टेम्पो सांगितला." येथे मुलीला हसू आले व लगेच रडू आले. दोन्ही एकदम चालू होते. पतींनी तिला रुमाल दिला, त्याला ग्रीस लागलेले होते, तरी तिने तो वापरला.

मला विचारण्यात आले की पतींचा हेतू मला आधीपासून माहीत होता काय. माहीत नव्हता. मुलगी जाते याचे मलाही फार वाईट वाटते, रात्री झोप लागत नाही, हे मी यापूर्वी कोणाला सांगितले नाही, कारण कोणी विचारले नाही. पतींचा मला राग आला आहे. एवढे करायचे होते तर मला सांगून करायचे होते, म्हणजे नीट झाले असते.

अंमलदारांनी मुलीस विचारले की तक्रार पुढे चालवायची आहे काय. तिने नाही म्हटले. मग कार्ड घेऊन जा म्हणाले. तिने कार्ड उचलले, पिशवीचे तोंड नीट दुमडले आणि बापाच्या हातात दिले.

"हे इथंच राहू दे. बाकीचं उद्या टेम्पोत जाईल."

अंमलदार म्हणाले, "अहो, पण याच्याशिवाय तो चालणार नाही ना?"

"नाही चालणार."

"मग खेळणार कशावर?"

"जुन्या लॅपटॉपवर रडतखडत. पहिली सुट्टी मिळाली की कार्ड न्यायला घरी येते."

पती म्हणाले, "आणि एकदा कार्ड नेलंस की?"

मुलगी म्हणाली, "मग जाताना रॅम ठेवून जाईन. पार्ट पुष्कळ आहेत त्यात, बाबा. दुप्पट ताकदीचे."

तरी माझी विनंती अशी की, माझ्या पतींविरुद्ध चोरीची अथवा खोटी माहिती दिल्याची कारवाई करू नये. त्यांनी जे वर्णन दिले ते शब्दशः खरे होते. सदर ग्राफिक्स कार्ड ज्यांनी ते घेतले त्यांच्याच ताब्यात मुलगी सुट्टीला येईपर्यंत देण्यात यावे, त्यास मालकिणीची हरकत नाही. स्वेटर मला परत नको, कार्डाला राहू द्यावा.

हा जबाब अंमलदारांनी आम्हा तिघांसमोर मोठ्याने वाचला. मी जसे बोलले तसेच उतरले आहे. ‘मुलगी सुट्टीला येईपर्यंत’ हे वाक्य माझ्या पतींनी पुन्हा वाचायला लावले, म्हणून ते दोनदा वाचण्यात आले. दोन्ही वेळा बरोबर आहे.