विशेष माहितीचा रकाना

ठाकूरद्वारच्या दवाखान्यात माझा नंबर अकरावा होता. मागच्या बाकावर एक तरुण आपल्या चुलतबहिणीला विचारून विचारून घराण्याच्या कुलवृत्तांताचा फॉर्म भरत होता.

“राजूताई, अण्णा आजोबांना बहिणी किती?”

“एकच. लहानपणी प्लेगात गेली.”

“नाव?”

“ठाऊक नाही रे.”

“अगं, शेवटपर्यंत तूच तर होतीस त्यांच्याजवळ!”

“सांगायला बसले होते एकदा. गेल्या वर्षी चळवळीत कर्फ्यू लागला होता ना, तेव्हा. प्लेगची तपासणी करणारे शिपाई जिना चढायला लागले, तशी त्यांच्या आईनं ताप भरलेल्या बहिणीला तांदळाच्या कोठीत लपवलं. सांगता सांगता अण्णा इथवर आले.”

“मग?”

“त्यांना ऐकू कमी यायचं. बोलायला लागले की अख्ख्या वाडीला ऐकू जायचं. आणि खाली पोलीस. आदल्या दिवशीच गोळीबार झालेला. हळू बोला म्हटलेलं त्यांना कळेना, म्हणून मी त्यांच्या तोंडावर हातच ठेवला, कमलाकांत.”

“वेळच तशी होती, ताई.”

“हो. कर्फ्यू उठल्यावर म्हटलं, अण्णा, आता सांगा, पुढे काय झालं? म्हणाले, राहू दे गं. पुन्हा विचारीन म्हणता म्हणता श्रावणात गेले.”

“मग बहिणीच्या नावापुढे रेघ मारतो.”

“नको. कोरं राहू दे.”

“आणि अण्णांच्या विशेष माहितीत काय लिहू? दोन ओळींची जागा आहे.”

“लिही, आवाज मोठा होता.”