महाशिवरात्रीची मुलाखत

केशोराव : महाशिवरात्रीलेच ठेव म्हणतो ना, दुर्गेश्वरी! शाळेले सुट्टी राहते. गणिताच्या मास्तरच्या जागेच्या मुलाखती शांतीनं होऊन जातीन.

दुर्गेश्वरी : शांतीच राहणार, सर. त्या दिवशी अर्जुनीजवळच्या प्रतापगडले महादेवाची जत्रा. अर्जुनीकडच्या एसट्या साऱ्या तिकडंच धावतात. गोंदियाले येईन कोण?

केशोराव : ज्याले नोकरी पाहिजे तो येईन. टाइम नऊचा दे. उशीर झाला का बाद. फोन करून साफ सांग सगळ्यायले.

दुर्गेश्वरी : अन् तुमच्या भाच्याले?

केशोराव : इंद्रकुमारले अकराचा. त्याच्याजवळ गाडी आहे, भई.

दुर्गेश्वरी : मास्तर पाहिजे का ड्रायव्हर?

केशोराव : जास्त बोलू नको. मी संस्थेचा अध्यक्ष आहो, तू क्लर्क आहेस.

दुर्गेश्वरी : क्लर्क आहो म्हणूनच तोंड मले दाखवा लागते. अर्जुनीकडच्या नवेगाव बांधच्या स्नेहलले दोनदा बोलावलं, दोनदा परत धाडलं. एकदा तुमी लग्नाले गेलते, एकदा तुमचा मूड नव्हता. यंदा तिचं वय सरते, सर. पुढच्या साली तिले अर्जबी करता येत नाई.

केशोराव : म्हणून तर! आपण बोलावलं, तीच नाई आली. आपल्यावर बोट नाई.

दुर्गेश्वरी : वा! साप बी मेला, काठी बी नाई मोडली.

केशोराव : अन् इंद्रकुमारले सांग, आधी प्रतापगडले महादेवाले नारळ फोड, मंग निघ.

दुर्गेश्वरी : काऊन? मामाचा वशिला कमी पडून राहिला का?

(महाशिवरात्र. शाळेचं ऑफिस. अकरा वाजून गेलेले. केशोराव आत्ताच येतात.)

केशोराव : आला का इंद्रकुमार?

दुर्गेश्वरी : फोन आलता. नारळ फुटला म्हणे, पण गाडी जत्रेत फसली. मागं ट्रॅक्टर, पुढं ट्रॅक्टर. पायी चालणारी माणसं त्याच्या काचेवर थापा मारून राहिली.

केशोराव : अरे बाप रे! नागपूरच्या तज्ज्ञ साहेबाले चहा-नाश्त्यावर बसवून ठेव.

दुर्गेश्वरी : ते कायले बसतीन? ते मुलाखत घेऊन राहिले.

केशोराव : कोणाची?

दुर्गेश्वरी : स्नेहलची. नऊच्या आधीच येऊन बसली पोरगी.

केशोराव : एसटी नसताना आली कशी?

दुर्गेश्वरी : रेल्वेनं. काल सांजंलेच आली, मावशीकडं मुक्काम केला. अर्जुनीले रेल्वे जाते, सर. तुमचं सारं खानदान मोटारीत फिरते, तुमाले रूळ कुठून आठवतीन?

केशोराव : तू सांगितलंस तिले! तूच!

दुर्गेश्वरी : मी फक्त फोन केला. तुमीच म्हणले होते, साफ सांग. मी साफ सांगतलं, बाई, त्या दिवशी एसटी नाई राहत, उशीर झाला का बाद.

केशोराव : रद्द कर आजचं सारं! पुढच्या आठवड्याची तारीख टाक.

दुर्गेश्वरी : तुमीच आत जाऊन साहेबाले सांगा. ते मघाशी विचारून राहिलते, सणाच्या दिवशी मुलाखत ठेवणारा शहाणा कोण म्हणून.

केशोराव : ...मंग तू काय सांगतलंस?

दुर्गेश्वरी : सांगतलं, बाहेर बसून आहेत.

केशोराव : दुर्गेश्वरी, जरा चहा तरी मागव.

दुर्गेश्वरी : मागवला, सर. दोन कप. आत गेला.