टेकूंवरची गाडी

बाबा : अगं, ये ना गाडीखालून बाहेर. गिऱ्हाईक बघून घेईल त्याचं ते.

लेक : गॅरेजात दिवसभर लोकांच्या गाड्यांखाली लोळते, आणि घरचं मोटरहोम, आपलं चाकांवरचं घर, न बघताच विकू? टॉर्च नीट धरा बाबा. माझ्या तोंडावर नको, चासीवर, या खालच्या सांगाड्यावर.

बाबा : चहा तरी घे. बाळ उठेल तुझं.

लेक : आत्ताच झोपलंय. मला तो ओरखडा बघायचाय. घाटात दगडावर घासली म्हणाला होतात ना? आई तर फोनवर म्हणाली होती, असा आवाज झाला की दोन गावं जागी झाली असतील.

बाबा : हो... असेल तिकडे मागे कुठेतरी.

लेक : मागे नाही. पुढेही नाही. साधं खरचटलेलंसुद्धा नाही.

बाबा : धुतली मी.

लेक : धुतल्यानं चिखल जातो बाबा, ओरखडा नाही.

बाबा : वकील व्हायचीस तू. चुकून पाना हातात घेतलास.

लेक : आणि हे स्प्रिंगचे पाटे बघा, नवेकोरे. एवढं वजन घेऊन डोंगर चढलेल्या गाडीचे पाटे असे नसतात. सांध्यातले रबरी बुशही घासून झिजलेले नाहीत. उभ्या उभ्या वाळून चिरलेत.

बाबा : मग चांगलंच की. किंमत बरी येईल.

लेक : टॉर्च खाली का घेतलात?

बाबा : हात भरून आला.

लेक : हा टेकू बघा. गाडी उभी केली की खाली सोडतो तो. हा दांडा एरवी आत असतो, त्याला पाणी लागतच नाही. आणि हा तर पार गंजलाय. चारही तसेच. गाडी महिनोन्‌महिने टेकूंवर होती बाबा. एका जागी.

(बाबा तिथेच जमिनीवर बसतात.)

लेक : कुठे होतात तुम्ही दोघं?

बाबा : हॉस्पिटलच्या मागच्या आवारात.

लेक : कधीपासून?

बाबा : निघालो त्याच दिवसापासून. वाटेतच तिच्या पाठीत कळ आली. तपासलं, तर कॅन्सर हाडांत पसरला होता.

लेक : आणि मला फोनवर समुद्राच्या गोष्टी!

बाबा : तुला डॉक्टरांनी पलंगावरून उतरू दिलं नव्हतं. आधीची दोन पोटातच गेलेली. आई म्हणाली, हिला कळलं तर ही धावत येईल, आणि हेही जाईल.

लेक : माझं मी ठरवलं असतं.

बाबा : ठाऊक होतं. म्हणूनच नाही सांगितलं.

लेक : प्रवासात झोपेतच गेली म्हणालात.

बाबा : झोपेतच गेली. तेवढं खरं आहे गं.

लेक : आणि हे टेकू?

बाबा : कुणी पायरीवर पाय ठेवला तरी गाडी डुलायची. तेवढंही तिला सोसायचं नाही. टेकूंवर घेतली तेव्हा कुठे तिला पडता यायला लागलं. वॉर्डात राहायला तयारच नव्हती. म्हणायची, घर बरोबर आणलंय ना आपण?

लेक : मी तिचे पाय चेपायला हवे होते, बाबा. आणि मी फोनवर विचारत होते, मासे ताजे मिळतात का!

बाबा : आवडायचं तिला ते. संध्याकाळी नकाशा मांडीवर घेऊन बसायची. उद्या कुठे जायचं ते ती ठरवायची, तिथे काय काय असतं ते मी शोधून ठेवायचो. घाटातला दगडही तिचाच. मी म्हटलं, एवढं नको, पोरगी गॅरेजातली आहे. तर हसत सुटली. हसतानाही दुखायचं तिला, पण हसली.

लेक : म्हणून विकायची घाई?

बाबा : तू खाली शिरल्याशिवाय राहणार नाहीस, हे काय मला माहीत नव्हतं?

लेक : टॉर्च बंद करा. राहू दे जरा अंधार.

बाबा : रडतेस?

लेक : शेवटचं कुठलं ठरवलं होतं तिनं?

बाबा : तुझं घर. बाळ झाल्याचा तुझा फोन आला, त्या संध्याकाळी.

लेक : मग?

बाबा : मी म्हटलं, रस्ता फार खराब आहे. म्हणाली, मग सावकाश चालवा.