केस नसलेला मानूस

...नाई, मी म्हनतो, लेकरू सांभाळाले बाई पायजे का खजिन्यावरचा पहारेकरी? सांगा बरं! तुमाले सांगतो, जलमभर एसटीत कंडक्टरकी केली, आर्वी डेपोले. मानूस पायरीवर चढला का थोबाड पाहून समजे, हा तिकीट काढन का झोपाचं सोंग घेईन! पन घरात माह्या डोळ्याले इचारते कोन? आमच्या घरी मानूस नाई पाह्यत, राजेहो. केस हाये का नाई, थे पाह्यतेत!

झालं असं, का पोरगा रजत आन् सून रूपाली, दोघंबी नोकरीले वर्ध्याले. सकाळच्या गाडीनं जातेत आन् दिवे लागल्यावर नाचणगावात येतेत. आमची मंडळी लेकीच्या बाळंतपनाले नागपूरले गेली आन् तिकडेच रमली. घरात उरलो मी आन् नातू. नाव ठेवलं प्रेम! प्रेम कायचं, माह्या चष्म्यावर वरन लावते, चपला टाक्यात फेकते, आन् मी जरासा टेकलो का पोटावर बसून घोडा घोडा करते. तिकडे पारावर पत्त्याचा डाव मांडून तिघं बसून राह्यलेत, चौथ्याची वाट पाहून राह्यलेत, आन् चौथा इथं लंगोट धून राह्यला! रविवारी सुनेले हप्त्याभराची कामं, मंग पोट्टं बापाजवळ, तेवढीच माही सुटका.

मंग आली मनकर्णाबाई, पुलगावची. काय बाई होती हो! पोट्ट्याले नुसतं कडेवर घेतलं, कानाशी काईतरी गुनगुनली, त झोपलं ना थे! मी गेलो पारावर, डाव जितून आलो, तरी झोपूनच! मले त रडूच आलं, खरं सांगतो.

पन सुख पाह्यवते का कोनाले? रूपालीनं मोबाईलवर पाह्यला कायचा तरी व्हिडिओ. आमची सून पुस्तकातल्यावानी बोलते, "बाबा, पोलीस व्हेरिफिकेशन केल्याशिवाय मूल कोणाच्याही हातात द्यायचं नसतं." म्या म्हटलं, कर बाई, सोन्यासारखी हाये मनकर्णा, काय निंघनार हाये? ठान्यातला गोपाल जमादार आला, खुर्चीवर बसला, चहा पेला, आन् मिशी पुसत म्हनते कसा, "काकाजी, बाईवर केस हाये. दारूबंदीची."

आता तुमीच सांगा, आपल्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदीची केस म्हंजे काई नवल हाये का? आपल्याकडे दारू बंद हाये म्हंजे काय... दारूबी चालू हाये आन् केसाबी चालू हायेत! तिच्या नवऱ्यानं चुलीमांगं शिशा लपवल्या, आन् घर बाईच्या नावानं. बाईच्या नावानं घर करा, बाईच्या नावानं घर करा, म्हनून जो थो सांगे ना! केलं. झाली केस बाईवर! आन् नवरा? थो म्हने शेजाऱ्याच्या खाटीवर बसून पोलिसायले पानी देऊन राह्यलता!

हे सारं म्या घरात समजावून सांगतलं. त आमचा रजत टेबलावर हात आपटते, "बाबा, दारूची केस असलेली बाई माह्या घरात नको म्हंजे नको!" कोन म्हनते हे? जो दर शनिवारी पुलगावचा पूल ओलांडून पलीकडे अमरावती जिल्ह्यात, जिथं दारू खुली हाये तिथं, 'मीटिंग'ले जाते, आन् येतानी तोंडात इलायची धरून येते! पन नाई. मानूस नाई पाह्यत, केस हाये का नाई, बस्स!

मनकर्णा गेली. जातानी पोट्टं तिच्या पदराले असं लोंबकळलं का इचारू नका. मंग आल्या दुसऱ्या बायका. एकीवर केस, दुसरीच्या घरावर धाड. एक निंघाली एकदम साफ. तिनं आमच्या प्रेमले पाह्यलं आन् तिनंच नाई म्हटलं!

मंग रूपालीले सुचलं, घरातल्या साऱ्यायचंच करून घेऊ व्हेरिफिकेशन. गोपाल परत आला, परत चहा. "काकाजीवर काईच नाई. साधं सायकलचं चालानबी नाई." झालं! सुनेचे डोळे कसे चमकले म्हनता! "बाबा! म्हणजे प्रेमला तुम्हीच सांभाळायचं!"

मीच? मी काऊन? जलमभर सरळ वागलो, त्याची हे सजा?

गेलो तडक गोपालच्या घरी. दार उघडलं कोनं? मनकर्णाबाईनं! कडेवर गोपालचं लेकरू, मजेत अंगठा चोखून राह्यलं! म्या म्हटलं, "बे गोपाल, हिच्यावर केस हाये ना?"

"हाये ना काकाजी, मीच त टाकली होती. नंबर एक बाई हाये!"

घ्या! म्या हात जोडले, "माह्यावरबी टाक ना बापा एखांदी. लहानशी. पत्त्याची टाक."

त हासला ना थो! "तुमच्यावर? कोर्टात कोन पतियाईल?"

मनकर्णा म्हने, "बाबूजी, सायेबाची सासू येऊन राह्यली पुढच्या महिन्यात, मंग इथलं काम सुटते माहं. तुमच्या सूनबाईनं बलावलं त मी एका पायावर येतो." माह्या डोक्यात उजेड पडला! म्या इचार केला, का घरातच एक केस झाली, त मंग बाईच्या केसीले नावं कोनत्या तोंडानं ठेवतीन हे लोकं? गोपालच्या कानाशी लागलो. "येत्या शनिवारी पुलावर उभा राह्यजो. इलायचीचा वास आला का डिक्की उघडजो."

बाप हाओ मी, वाईट वाटलं. पन लंगोट आठवले.

शनिवारी रजत सापडला. डिक्कीत शिशी, केस पक्की. मी घरात खुशीत, आता म्हनन सून, का बाबा, चुकलंच, बोलवा मनकर्णाबाईले. रूपाली उभी राह्यली, लाल झाली, आन् नवऱ्याले म्हनते काय, "घरात नियम सगळ्यांना सारखा! आजपासून तुम्हीसुद्धा प्रेमला हात लावायचा नाही!"

माहा रविवारबी गेला, राजेहो.

आन् रजत? लेकराले हात लावाले मनाई, मंग रविवारी घरात करते काय थो? पारावर जाते. तिघं वाटच पाह्यत होते. माह्याच जागेवर बसते, माह्याच पत्त्यायनं जितते, आन् वरून मले हाका मारते, "बाबा, चहा पाठवा ना!"

पाठवतो. काय करता? माह्यावर केस नाई ना!