तक्त्यावरचं १८१८

अमेरिकेतल्या अल्फारेटाच्या शाळेत इतिहासाचे तक्ते लावायच्या रांगेत माझ्यापुढे एक बाप आणि त्याची शाळकरी मुलगी १८१८ सालच्या जगाचा तक्ता घेऊन उभे होते.

“एरी कॅनॉल राहू दे, बीथोव्हन राहू दे. भीमा कोरेगावच्या स्तंभाच्या चित्रावर तेवढं स्टिकर लाव.”

“व्हाय? आबा दरवर्षी तिथे फुलं वाहायचे ना?”

“हळू बोल, मैत्री. माझ्या ऑफिसमधली मराठी मंडळी येणारेत.”

“मग?”

“आपण कोण ते त्यांना माहीत नाही.”

“पण बाबा, आपण जिंकलो होतो.”

“स्टिकर लाव म्हटलं ना!”

तिच्या हातातून तक्ता निसटला. मी उचलून दिला.

“मराठी का? मीही मराठीच, पुण्याचा.”

“नो, नो,” तो हसला. “हैदराबाद.”

मैत्रीने माझ्याकडे न बघता स्टिकर लावलं.